शिफ्टचा डबा

“खलास! उद्या तुझं ऑफिस उघडलं की माझा आणि हिचा व्हिसा रद्द करून टाक. पुन्हा म्हणून या देशात पाऊल ठेवायचं नाही आम्हाला!”

गजेंद्ररावांनी ताटावरून हात झटकला आणि मधुराच्या हातातली आमटीची पळी तशीच हवेत थांबली… शनिवारची दुपार, इथल्या आठवडी सुट्टीचा शेवटचा दिवस, सगळं घर एका टेबलाभोवती, तळलेल्या सुरमईचा वास अजून पडद्यांत रेंगाळलेला, आणि त्या भरल्या घरात एका क्षणात असं काही थंडगार पसरलं की चार वर्षांच्या वरुणनेसुद्धा चमचा खाली ठेवला.

“बाबा, असं काय करता?” अभिजित कासावीस होऊन म्हणाला. “व्हिसा जिवंत राहावा म्हणून तर देशाबाहेर सहा महिने भरायच्या आत तुम्हाला बोलावून घेतलं मी. एकदा रद्द झाला की परत मिळेलच असं नाही.”

“नकोच आहे आम्हाला. त्रिनिदादला आमचं उत्तम चाललंय. शिवाय…” गजेंद्ररावांची नजर ओझरती सुनेकडे वळली. “इथे आमची अडचण होते कोणाला तरी.”

अभिजितने बायकोकडे पाहिलं. गेल्या उन्हाळ्यापासून ती नजर मधुराच्या ओळखीची झाली होती. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर तिला सोसला असता! तिच्यात होती ती निराशा, आपण हिला ओळखायला चुकलो अशी.

आणि या सगळ्यात नीलांबरीताई, तिच्या सासूबाई, शांतपणे भातात तूप कालवत होत्या. दोनदा तूप घेऊन झालं होतं. तिसऱ्यांदा त्यांनी वाटी उचलली, तेव्हा गजेंद्ररावांनी न बोलता ती अलगद काढून घेतली.

मधुराने ते पाहिलं. ती सगळंच पाहायची. आई झाल्यापासून तिचे डोळे जणू कधी मिटतच नव्हते.

गजेंद्ररावांनी उमेदीची सगळी वर्षं कतारमधल्या रास लफानच्या वायुप्रकल्पात काढली. घर अल खोरला, कंपनीच्या वसाहतीत. बारा-बारा तासांच्या शिफ्टा, आणि पहाटे पाचला दाराशी येणारी कंपनीची पांढरी बस. त्या बसच्या आधी नीलांबरीताई उठायच्या, भाकरी-भाजीचा डबा भरायच्या आणि वाळूत उभ्या राहून तो नवऱ्याच्या हातात द्यायच्या. थंडी असो, धुळीचं वादळ असो, त्यात कधी खंड पडला नाही. मग निवृत्ती आली. नोकरीबरोबर कंपनीचं घरही गेलं आणि दोघं दोहातल्या अल नस्र भागातल्या या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मुलाकडे राहायला आली. मधुरा बँकेत जायची, वरुण आजीजवळ असायचा. किती सुखाचे होते ते थोडे महिने!

आणि मग ती जूनमधली सकाळ…

मधुराला जाग आली तेव्हा घराचं दार सताड उघडं होतं. सासरे मासळी आणायला बाजारात गेलेले, अभिजित कामासाठी दुबईला. वरुणचं अंथरूण रिकामं! ती अनवाणीच जिना उतरली. बाहेर ऊन चढू लागलं होतं, हवा ओल्या फडक्यासारखी तोंडावर येत होती, आणि रस्त्याच्या कडेला सासूबाई उभ्या होत्या. एका हातात डबा, दुसऱ्या हातात वरुणचं मनगट. येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या बसला त्या हात करत होत्या. दोहात अशा बस कमी का आहेत? मजुरांना घेऊन इंडस्ट्रियल एरियाकडे निघालेली एक बस थांबली होती, तिचं दार उघडलं होतं, आणि नीलांबरीताईंनी पायरीवर पाय ठेवला होता… वरुणचे उघडे पाय फुटपाथवर भाजत होते, त्याचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि रडून रडून आता त्याच्या घशातून आवाजही फुटत नव्हता.

“आई!” मधुरा किंचाळली होती.

सासूबाईंनी वळून पाहिलं. क्षणभर ती कोण हेच त्यांना कळलं नाही. मग हळूहळू, धुकं विरावं तसं, डोळ्यांत भान आलं आणि त्या भानाबरोबर अशी भीती आली की मधुराला आपला संताप गिळावा लागला.

“ह्यांची बस… म्हटलं डबा राहिला…” त्यांनी डबा खाली ठेवला. मग त्यांनी चक्क सुनेपुढे हात जोडले. “मधुरा, कोणाला सांगू नकोस गं. ह्यांना नको, अभिला तर नकोच. वेडी म्हणतील मला! तुला वरुणची शपथ आहे.”

वरुणची शपथ! याहून मोठी बेडी कुठल्या आईच्या पायात घालता आली असती?

तिने कोणाला सांगितलं नाही. रात्री अभिजित परतल्यावर फक्त एवढंच म्हणाली, “उद्यापासून वरुण पाळणाघरात जाईल.” का, असं विचारल्यावर ती वरुणची पिशवी भरायला लागली. अभिजित भांडला, मग अबोला धरला. गजेंद्रराव दुखावले. महिना-दीड महिन्यात त्यांनी जाहीर केलं, की त्यांच्या प्रकल्पातला जुना सोबती रामलोगन निवृत्त होऊन वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादला आपल्या गावी गेला आहे, त्याच्या शेजारचं घर भाड्याने मिळतंय, बेटावर राहण्याची परवानगीही तो मिळवून देतोय, तर आम्ही दोघं तिकडेच जातो. जगाच्या दुसऱ्या टोकाला!

खालच्या मजल्यावरच्या हजराभाभी रत्नागिरीकडच्या, तोंडाने फटकळ. जिन्यात गाठून त्या म्हणाल्या होत्या, “काय गो मधुरा, सासूला गावाला धाडतात, तू तर समुद्रापल्याड धाडलीस!”

मधुरा हसली होती. वर येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडली होती. पण त्या रडण्याच्या तळाशी आणखी काहीतरी होतं, आणि ते तिला स्वतःशीही बोलवत नव्हतं. सुटका! दाराची कडी लागलीय की नाही हे आता रात्रीतून तीनदा उठून पाहायला नको… आपण सासूबाईंची अब्रू झाकली, की आपलं भय? हा प्रश्न काट्यासारखा रुतून राहिला होता.

जेवणं आटोपली. अभिजित वरुणला घेऊन सायकल खेळवायला खाली गेला. साडेचारला चहा करून मधुरा सासू-सासऱ्यांच्या खोलीशी गेली, दार हलकेच ढकललं आणि तिथेच थबकली.

दोघं झोपली होती. नीलांबरीताई भिंतीकडे तोंड करून, लहान मुलीसारखं पाय पोटाशी घेऊन. आणि त्यांच्या सुती पातळाचा पदर गादीवरून ओढत नेऊन गजेंद्ररावांच्या मनगटाला बांधला होता. दुहेरी गाठ, पक्की. त्या मनगटावर काळसर वळ उठला होता. आजचा नव्हता तो वळ… कितीतरी दुपारींचा, कितीतरी रात्रींचा होता!

ट्रेमधले कप किणकिणले. गजेंद्ररावांनी डोळे उघडले. सुनेला पाहिलं, मग स्वतःचं मनगट पाहिलं, आणि ते लपवायला त्यांनी चादर ओढली.

“बाबा…” मधुरा ट्रे घेऊन एक पाऊल आत आली. “तुम्हाला माहीत आहे?”

त्यांनी आधी बायको झोपलेलीच आहे ना ते पाहिलं. मग अगदी हलक्या हाताने त्यांनी गाठ सोडली, उठून बाहेरच्या खोलीत आले आणि खुर्चीत असे बसले, जणू कित्येक शिफ्टा सलग करून आज पहिल्यांदा बसत आहेत.

“तुला कधी कळलं?” त्यांनी विचारलं.

ती गप्प राहिली. शपथ होती ना! पण तिच्या गप्प राहण्यातूनच त्यांना उमगलं असावं. त्यांचे डोळे विस्फारले.

“पाळणाघर… म्हणून? अगं, म्हणून?”

मधुराने मान खाली घातली. टपकन एक थेंब ट्रेत पडला.

“देवा!” त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “पोरी, नोकरीच्या शेवटच्या वर्षातच माझ्या ध्यानात आलं होतं. मी रात्रपाळी करून परतायचो, तर ओट्यावर दोन-दोन डबे भरलेले असायचे. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, हे वाढत जाणार. मग मी ठरवलं, अभिच्या संसारावर हे ओझं टाकायचं नाही. पण निघायला निमित्त हवं होतं. तू पाळणाघराचं काढलंस आणि मला राग आला, खरंच आला. पण मनातून सुटल्यासारखंही झालं! सगळ्यांनी तुला बोल लावला आणि मी लावू दिला. माझं काम सोपं झालं ना… केवढं पाप केलं मी!”

“पण बाबा, इतक्या लांब? आपल्या गावी का नाही गेलात? आईंचं माहेर हर्णैला आहे, माणसं आहेत…”

“तेच तर! गावात हिला सगळे ओळखतात. हिने एखाद्या भाचीला ओळखलं नाही, की संध्याकाळपर्यंत गावभर. ज्या बाईने सगळ्या आळीची बाळंतपणं निस्तरली, तिच्याकडे लोक कीव करून पाहणार? ते मला बघवलं नसतं. तिकडे तिला ओळखणारं कोणी नाही. मग ती काय विसरली, हे कोणाला कळणार?”

ते क्षणभर थांबले आणि त्यांच्या चेहऱ्यावर कसलंसं कोवळं हसू आलं.

“पहिले दोन महिने फार रडली. बोलायला कोणी नाही, सारखं घर शोधायची. तिथली दालपुरी खाल्ली तर म्हणते, अहो, ही माणसं पुरणात गूळ घालायला विसरली! मग अंगणात अळू दिसलं, फणसाचं झाड दिसलं, समुद्राचा वारा आला… आता तिला वाटतं हर्णैलाच आलोय. शेजारी एक म्हातारी आहे, पूर्वी उसाच्या मळ्यांवर नेलेल्या हिंदुस्थानी मजुरांच्या वंशातली. तिच्या दारी बांबूवर लाल निशाण, येता-जाता ‘सीताराम’ म्हणते. तिला भजनं येतात, पण त्यांचा अर्थ माहीत नाही. ही मराठीत बोलते, ती तिच्या इंग्रजीत. एकीचं दुसरीला कळत नाही, म्हणून कोणी कोणाला विसराळू म्हणत नाही. बरं चाललंय गं आमचं…”

“बरं चाललंय?” मधुराने त्यांचं मनगट हातात घेतलं. “मग हे काय आहे? आणि तुम्हाला काही झालं तर? त्या परक्या मुलखात आईंनी कोणाला हाक मारायची, बाबा? नावं तरी आठवतील का त्यांना?”

गजेंद्रराव, ज्यांच्या डोळ्यांत तिने कधी पाणी पाहिलं नव्हतं, ओंजळीत तोंड लपवून हुंदके देऊ लागले. “पंधरा दिवसांपूर्वी तिकडे घाटातून जाताना माझी छाती दुखली… ही शेजारी बसून मलाच विचारत होती, भाऊ, आमचे हे कुठे गेले…”

दारात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. वरुणची सायकल होती ती. अभिजित उंबऱ्यावर उभा होता, किती वेळ कोण जाणे! त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“मधुरा…” एवढंच तो म्हणाला. तो खाली बसला, जमिनीवरच, तिच्या पायांशी. “सात महिने मी तुझ्याशी धड बोललो नाही. एकदा तरी सांगायचंस गं!”

“वरुणची शपथ होती.”

“डॅडा, व्हाय आर यू क्रायिंग?” वरुणने विचारलं. अभिजितने त्याला जवळ ओढून घेतलं.

संध्याकाळी बराच वेळ बोलणं झालं. व्हिसा राहणार होता. आई-बाबाही राहणार होते. मधुराने ते स्वतःच्या तोंडाने सांगितलं, आणि सांगता सांगता तिची नजर दाराच्या कडीकडे गेली. गॅस, दार, गॅलरी, रस्ता… आणि तिचं लेकरू! आता तिच्या डोळ्यांना कधी विसावा मिळणार नव्हता. पण म्हाताऱ्याच्या मनगटावरचा तो वळ एकदा पाहिल्यावर डोळे मिटून घेणं तिला शक्य तरी होतं का?

दुसऱ्या दिवशी पहाटे स्वयंपाकघरात खुडबुड झाली. मधुरा धावतच गेली. नीलांबरीताई पदर खोचून डबा भरत होत्या. भाजी कालचीच, आणि पोळ्यांच्या जागी वरुणची बिस्किटं ओळीने नीट लावलेली.

“ह्यांची बस येईल गं,” त्या घाईघाईने म्हणाल्या. “चल, सरक!”

मधुरा दार अडवायला पुढे झाली. पण पाठीमागून गजेंद्रराव आले. त्यांनी स्वेटर चढवला होता, पायांत बूट होते. त्यांनी सुनेकडे पाहून मान हलवली, आणि शिफ्टवरच्या अरबी लकबीत म्हणाले, “चला तर, नीलाबाई. यल्ला! उशीर होतोय मला.”

जानेवारीचा गारवा होता. रस्त्यावरून पांढऱ्या बस एकामागून एक चालल्या होत्या. जूनमध्ये मधुरा जिथे किंचाळली होती, बरोबर तिथेच सगळे उभे राहिले. तिच्या कडेवर झोपेतला वरुण, शेजारी अभिजित, आणि तिच्या मुठीत सासूबाईंच्या पदराचं टोक घट्ट धरलेलं. नीलांबरीताईंनी दोन्ही हातांनी डबा नवऱ्यापुढे केला.

“वेळेवर खा हो.”

“खातो. येतो गं.”

डबा घेऊन म्हातारा कोपऱ्यापर्यंत गेला आणि इमारतीच्या मागे वळला. कुठे जाणार होता? इमारतीला वळसा घालून मागच्या दाराने पुन्हा घरी, आणि मग तिच्यासमोर शिफ्ट संपवून आल्याचं सोंग! उद्याही, परवाही… जमेल तोवर.

नीलांबरीताई त्या कोपऱ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी वळून मधुराकडे पाहिलं आणि डोळ्यांतलं धुकं एकाएकी बाजूला झालं. मुठीत धरलेला पदर त्यांना दिसला. वरुणचे पाय दिसले. त्यांनी हात पुढे करून त्याचे तळवे चाचपले, जणू ते अजून भाजलेले आहेत का हे पाहत होत्या.

“मधुरा,” त्या कुजबुजल्या, “तू कोणाला सांगितलं नाहीस ना गं?”

“नाही, आई.” तिचे डोळे भरून वाहू लागले. “मी कोणालाच नाही सांगितलं.”

“मला ठाऊक होतं. सगळे तुला बोलत होते… आणि तू माझ्यासाठी ऐकून घेत होतीस.” त्यांनी सुरकुतलेल्या हातांनी सुनेचा गाल कुरवाळला. “माझी गुणाची पोर!”

एक पांढरी बस समोरून गेली, तिचे दिवे त्यांच्या तोंडावरून सरकले आणि तो हात गालावरच थांबला.

“तुम्ही कोणाकडच्या, बाई?” त्यांनी अतिशय आदबीने विचारलं.

मधुराने पदराचं टोक मुठीत आणखी घट्ट आवळलं.

“तुमच्याचकडची,” ती म्हणाली. “चला, घरी जाऊ.”