नाकापासून डावीकडे

नुकूस शहरातल्या संग्रहालयासाठी चित्रं गोळा करणारी आयसानेम त्या दुपारी आटलेल्या समुद्राकाठच्या मुयनाक गावी पोचली, ती एका कागदासाठी. चित्रकार ओरिनबायची विधवा, सारबिनाज आजी, तो द्यायला एकदाची तयार झाली होती.

आजीनं गादीखालून चित्र काढलं आणि आयसानेमनं ते खिडकीपाशी नेलं. साधी पेन्सिल, साल एकोणीसशे त्रेपन्न. जलगास नावाच्या कोळ्याचा चेहरा. उजवी बाजू इतकी जिवंत, की दाढीचे खुंट बोटाला टोचतील. आणि नाकापासून डावीकडे चेहराच नाही. नुसत्या रेषा, कमानी, एकमेकांत घुसलेले त्रिकोण.

"आजी, त्या काळात सरकारच्या धाकानं असं काढायची कुणाची छाती नव्हती. त्यांना हे सुचलं कसं?"

"सुचलं कुठलं? जलगास समोर बसला होता. अर्धा चेहरा झाला आणि ह्यांना पुढचा दिसेचना. दिसलं ते काढलं. माझा नवरा खोटं काढायचा नाही."

"आणि जलगास?"

"चौथ्या दिवशी समुद्रावर गेला. नुसती होडी परत आली."

बाहेर खारट वारा खिडकीवर वाळू मारत होता. आयसानेमला त्याचं भान नव्हतं. एवढं मोठं घबाड हाती लागल्याच्या आनंदात तिनं आपली रेखाटनाची वही उघडली. "आजी, बसा जरा. ह्याच्याशेजारी तुमचंही चित्र लावू."

आजी हसत बसली. उजवा डोळा कागदावर उतरला, सुरकुत्या उतरल्या. हात कधी नव्हे इतका सरसर चालत होता. नाकापाशी आला आणि थांबला. आयसानेमनं डोळे चोळले. पुन्हा पाहिलं.

"काय गं... कुठं अडलं?"

"काही नाही... उजेड कमी आहे."

"नाकापाशी ना?" आजीचा आवाज अगदी शांत होता. "काढ पोरी. दिसतंय ते काढ."

तिनं काढलं. आजीनं कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग उठून शेजारणीला हाक मारली आणि आपली शेळी तिच्या हवाली केली.

तेवढ्यात गाडीचा ड्रायव्हर तोलेगेन दारात आला. "ताई, वादळ वाढायच्या आत निघू या. दोनशे किलोमीटर जायचंय."

"चल," म्हणत आयसानेमनं मान वर केली. त्याच्या उजव्या गालावर मीठ चिकटलं होतं. डाव्या गालाकडे ती पाहतच राहिली.

मग पुढे होऊन तिनं त्याच्या हातातली किल्ली काढून घेतली.

"आज इथंच राहायचं."

"का? काय झालं?" तोलेगेन हसला.

ते हसू तिला अर्धंच दिसलं.