पातळ पत्र्याचं कॅबिनेट

"तपासताय की मालिश करताय?"

पेई-शान दचकून वळली. बाहेर भुरभुर पाऊस होता. ओल्या छत्र्या घेऊन क्वांगह्वाच्या कॉम्प्युटर-बाजारात शिरलेल्या गर्दीत कुणी आपल्या अंगठ्याकडे पाहत असेल, असं तिला वाटलंच नव्हतं. अंगठा होता कॉम्प्युटरच्या एका चंदेरी कॅबिनेटवर... अस्सल अॅल्युमिनियम, आणि इतकं स्वस्त!

"पत्रा बघतेय," ती म्हणाली. "फुंकर मारली तरी वाकेल."

"पण दिसतं छान, ना?" तिच्यामागे उभ्या असलेल्या उंच मुलाने जरा जास्तच आशेने विचारलं.

"दिसायला राजबिंडं! पण झाकण सैल आहे. पंखा सुरू झाला की थंडी भरल्यासारखं थरथरेल. आणि ही आतली कड... स्स्!"

बोटावर लाल रेघ उमटली.

"माफ करा! खरंच माफ करा!" त्याने घाईघाईने रुमाल काढून तिच्या बोटाला गुंडाळला.

"तुम्ही कशाला माफी मागताय? हे बनवणाऱ्याने मागावी. भेटू दे मला एकदा!"

तो कानापर्यंत लाल झाला. मग कोपऱ्यावरच्या दुकानात त्याने तिला गार दूधचहा पाजला आणि सारखा विचारत राहिला, "आणखी काय चुकलंय?" इतकं मन लावून तिचं बोलणं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. उठताना नाव तेवढं कळलं... रेन-हाव.

पेई-शान कॉम्प्युटरच्या एका मासिकात काम करायची. नवीन वस्तू पारखून त्यांचं परीक्षण लिहायची. पुढच्याच आठवड्यात तिच्या टेबलावर तेच कॅबिनेट येऊन पडलं. घेऊन येणारा रेन-हाव होता.

"तुम्ही?"

"बनवणारा मीच," तो पुटपुटला. "काकांचा छोटा कारखाना आहे शिनच्वांगला. हे खपलं नाही तर ते मशिनं विकणार आहेत. पण... तुम्ही खरं तेच लिहा."

"त्या दिवशी ठाऊक होतं, मी कोण ते?"

"शप्पथ, नाही!"

"मग चहा कशाला पाजलात?"

"तुम्ही नाक मुरडलंत ना, ते..." तो अडखळला आणि छत्री विसरून निघून गेला.

तिने कॅबिनेट जोडलं. पंखा फिरला, झाकण थरथरलं. तिने लिहिलं, 'थरथरतं.' मग खोडून लिहिलं, 'हलकेच गुणगुणतं.' अगं बाई, गुणगुणतं? स्वतःवरच चिडून तिने इतकं झणझणीत वाक्य लिहिलं की तिचेच डोळे भरले. तेही खोडलं. कॅबिनेट बरं होतं की वाईट? तिला काही सुधरेना.

शेवटी ती संपादक लोबाईंकडे गेली. "हे दुसऱ्या कुणाला तरी द्या. माझा तोल गेलाय."

लोबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "पत्र्यामुळे, की पत्रा घेऊन येणाऱ्यामुळे?"

लोबाईंनी हसू दाबत कॅबिनेट स्वतःकडे ओढलं.

संध्याकाळी ती थेट शिनच्वांगला पोचली. रेन-हाव कानस घेऊन पत्र्याची कड घासत होता.

"मी परीक्षण लिहिणार नाहीये."

त्याचा हात थांबला. "इतकं वाईट आहे?"

"नाही!"

"मग... चांगलं आहे?"

"तसंही नाही!"

"मग आहे तरी कसं?"

"तेच तर कळत नाहीये! पंखा लावला की मला थरथर ऐकूच येत नाही... तुझा आवाज येतो. अशा माणसाने निकाल द्यायचा नसतो."

रेन-हाव गोंधळून म्हणाला, "म्हणजे... पंखा बदलू?"

कोपऱ्यातलं मशिन खटकन बंद झालं. "अरे गाढवा," काका ओरडले, "ती कॅबिनेटबद्दल बोलत नाहीये!"

लोबाईंचं परीक्षण छापून आलं: पत्रा पातळ, झाकण सैल, किमतीच्या मानाने ठीक. काकांनी मशिनं विकायचा विचार पुढे ढकलला आणि आधी झाकण नीट करायला सांगितलं. ते पान दोघांनी कारखान्याच्या पायरीवर बसून वाचलं.

"'ठीक' म्हणजे चांगलं की वाईट गं?" त्याने विचारलं.

"काय माहीत," पेई-शान म्हणाली. त्याच्या खांद्याला टेकलेला आपला खांदा मात्र तिने बाजूला घेतला नाही.