ठमीचं इंजिन

"अहो, ढकलू का?"

काचेवर टकटक झाली तेव्हा मी डोळे मिटून मनातल्या मनात आकडे मोजत होते. दवाखान्यासमोरचा चढ, भुरभुर पाऊस, मागे हॉर्न वाजवून वाजवून थकलेल्या गाड्या… आणि रस्त्याच्या मधोमध माझी ठमी, रुसून बसलेली.

ठमी म्हणजे माझी गाडी. दोन दारांची, करड्या रंगाची, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी. आत्या नर्स होती. तरुणपणी तिने स्वतःच्या पगारातून ही गाडी घेतली आणि कुठूनही बाळंतपणाचं बोलावणं आलं की ती हिच्यातूनच धावायची. पुढे हात थरथरायला लागले, तसं तिने किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. "हिच्यावर ओरडायचं नाही," एवढंच म्हणाली.

मी काच फिरवून खाली घेतली. बाहेर एक ताडमाड उंच माणूस. खांद्याला अवजारांची पिशवी, पापण्यांवर पाऊस.

"ढकलून काही व्हायचं नाही," मी म्हटलं. "आत पेट्रोल जास्त गेलंय. दहा मिनिटं नुसतं थांबायचं, मग आपणहून सुरू होते."

"नुसतं थांबायचं?" त्याचा चेहरा असा झाला, जणू मी त्याला दहा दिवस उपाशी राहायला सांगितलंय. "निदान कडेला तरी घेऊ."

त्याने गाडी कडेला लावून दिली. आणि मग गेला नाही. तिथेच उभा राहिला, भिजत.

"तुम्हाला उशीर होत असेल ना?"

"होतोय. पण कुणी अडकलेलं दिसलं की माझा जीव वरखाली होतो. लिफ्ट दुरुस्त करतो मी."

मी इतकी हसले की हॉर्नवर हात पडला. "मग आत तरी बसा."

"म्हणजे… तुम्ही मला लिफ्ट देताय?"

"लिफ्टवाल्याला कशाला लिफ्ट! बसायला जागा देतेय. दहा मिनिटं."

तो घडी घातल्यासारखा आत बसला; गुडघे जवळजवळ हनुवटीला. काचांवर वाफ धरली. पेट्रोलचा, ओल्या शर्टाचा वास. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, काचा घासून फ्रेममध्ये बसवते, हे त्याला कळलं. तो आईबरोबर राहतो, हे मला कळलं. मग किल्ली फिरवली आणि ठमी खोकून सुरू झाली.

"झालीसुद्धा?" तो म्हणाला. त्याच्या आवाजातली ती निराशा… घरी पोहोचेपर्यंत मी एकटीच हसत होते.

चार दिवसांनी संध्याकाळी दुकान बंद करून बाहेर आले, तर समोर तो.

"तुम्ही इकडे कुठे?"

"गाडी बंद पडलीय का, बघायला आलो."

"नाही पडली."

"अरेरे," तो म्हणाला.

मग दर रविवारी आम्ही ठमीतून निघायला लागलो. गाव संपलं की दोन्ही बाजूंना झाडं असलेला एक लांबच लांब रस्ता होता. मी चालवायची, तो शेजारी बसायचा. ती मध्येच थांबली की आम्ही गप्पा मारायचो. पहिल्या महिन्यात ती पाच वेळा थांबली. पाचव्यांदा तो पुसलेली काच पुन्हा पुन्हा पुसायला लागला.

"एक बोलायचं होतं…"

"बोला ना."

"आधी ते 'बोला' बंद कर."

मी खाली बघितलं. "बरं. बोल."

"झालं. तेच हवं होतं," तो म्हणाला आणि माझ्या हातावर हात ठेवला. गिअरच्या दांडीवर होता माझा हात. त्यानंतर किती तरी वेळ मला गिअर टाकता आला नाही…

आत्याने त्याचं नाव 'शिडी' ठेवलं. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. गल्लीच्या तोंडाशी ठमीचा आवाज आला की आत्या खिडकीत यायची. कान अधू झाले होते, पण तो आवाज तिला भिंतीतूनही कळायचा. "आली गं माझी ठमी!" म्हणायची, आणि मग मागे वळून आईला, "शिडीपण आहे बरोबर. दूध जास्त घाल चहात." शिडीला आत्या आवडायची. तिच्या औषधांच्या वेळा तो माझ्यापेक्षा नीट लक्षात ठेवायचा.

लग्न ठरलं. कुणाचीच हरकत नव्हती.

त्या उन्हाळ्यात आत्याला डॉक्टरांकडून परत आणताना ठमी पुलावर थांबली. ऊन मी म्हणत होतं. आत्या पदराने वारा घेत मजेत बसली होती. ठमीने ऐन घाईत कुणाकुणाच्या बाळंतपणाला उशीर करवला, ते सांगत होती. शिडी मात्र गाडीभोवती येरझाऱ्या घालत होता. आत्याला घरी सोडल्यावर जिन्यात त्याने मला थांबवलं.

"एक आजोबा अडकले होते लिफ्टमध्ये," तो म्हणाला. "मी पोचलो तोवर दीड तास झाला होता. दार उघडलं तर… जिवंत होते गं. पण माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ना त्यांनी… मला सहन होत नाही कुणी असं अडकलेलं."

मी त्याला जवळ घेतलं. मला वाटलं, तो फक्त सांगतोय. तो ठरवत होता, हे मला कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात म्हणाला, "ठमीचा पत्रा गंजलाय. माझ्या ओळखीच्या गॅरेजमध्ये रंगवून आणतो. आठ दिवस दे." मी दिली. किल्ली स्वतः त्याच्या खिशात टाकली.

नवव्या दिवशी तो दुकानाच्या दारात गाडी घेऊन उभा. करडा रंग चकाकत होता, स्टिअरिंगच्या चाकावर लाल फीत बांधलेली. तो लहान मुलासारखा हसत होता.

"बस. चालव."

किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. लगेच, खोकल्याशिवाय, थरथरल्याशिवाय. मिक्सरसारखा एक सपाट आवाज. मला क्षणभर काही समजेना.

"हे काय आहे?"

"नवं इंजिन! आता कधी बंद पडणार नाही. ना तू अडकशील, ना आत्या. लग्नाची भेट समज."

"आणि तिचं इंजिन?"

"ते भंगारात दिलं. काय करायचं होतं ठेवून?"

त्याला शेजारी बसवून गाडी घराकडे आणली. गल्लीत वळले, घराखाली थांबवली, मान वर करून बघितलं.

आत्या खिडकीत आली नव्हती.

मी हॉर्न वाजवला. तेव्हा पडदा हलला. आत्याने खाली बघितलं, गाडी बघितली… कपाळाला आठी घालून पुन्हा पुन्हा बघितली. "कुणाची गं ही?" तिने वरून विचारलं.

मग मला रडू आवरलं नाही.

"विचारलं का नाहीस मला?" गाडीतच मी त्याला म्हटलं.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे… माहीत होतं तुला?"

तो समोर बघत राहिला. समोरासमोर विचारल्यावर खोटं बोलणं त्याला जमायचं नाही. "हो," म्हणाला. "माहीत होतं. पण तुझ्या भल्यासाठीच—"

"आज इंजिन. उद्या माझ्यातलं काही तुला असंच अडलेलं दिसेल. माझी नोकरी, माझं माणूस, माझा एखादा हट्ट. तेव्हाही मी नाही म्हणेन म्हणून विचारणार नाहीस?"

"तू कुठल्या कुठे नेतेस! एक इंजिन होतं गं ते!"

"माझं होतं."

तो पुढचे दोन दिवस भंगाराच्या बाजारात हिंडला. तिसऱ्या दिवशी दारात आला तेव्हा कोपरापर्यंत काळा झाला होता. हातात एक वाकडं झाकण. "बाकीचं फोडून वितळवायला गेलं," म्हणाला. "एवढंच मिळालं. चुकलो मी. खरंच चुकलो…"

मी ते झाकण घेतलं. त्याच्या नखांत रुतलेलं काळं मी बघत होते, आणि आतून कुणीतरी ओरडत होतं, हात धर त्याचा, वेडे, हात धर. मी धरला नाही. कारण 'माहीत होतं' हे दोन शब्द मधे उभे होते, आणि ते काही केल्या बाजूला होईनात.

"लग्न नको," मी म्हटलं.

तो जिना उतरून गेला. एरवी दोनदोन पायऱ्या गाळून उतरायचा; आज पहिल्यांदाच एकेक मोजत.

"मुलगा वाईट नाही गं," आत्या त्या संध्याकाळी म्हणाली.

"वाईट असता तर सोपं नसतं का गेलं?"

आत्याने माझ्या पाठीवर थरथरता हात ठेवला. त्यानंतर तिने गाडीला ठमी म्हणणं सोडलं. 'तुझी गाडी' म्हणायला लागली. पुढच्या थंडीत ती गेली. डॉक्टरांकडे मी तिला वेळेवर पोचवलं होतं. एक मिनिटही उशीर झाला नाही. त्याच नव्या इंजिनाच्या जोरावर. हे मी कुणालाच सांगितलं नाही. त्याला तर नाहीच.

दीड वर्षाने एका दुपारी दुकानाचं दार उघडलं. तो होता. कानाजवळ दोनचार केस पांढरे झालेले.

"लांबचं धूसर दिसतंय," तो म्हणाला. डॉक्टरांची चिठ्ठी त्याने काउंटरवर ठेवली. "दुसरं दुकान जवळ होतं… पण इथेच आलो."

"बसा," मी म्हटलं.

त्या 'बसा'ने तो जरासा हलला. बसला.

चष्मा बनवायचा तर दोन बुबुळांमधलं अंतर मोजावं लागतं. मी पट्टी घेऊन त्याच्या समोर वाकले. "माझ्या डाव्या डोळ्यात बघा… आता उजव्या." तो बघत राहिला. पट्टी त्याच्या नाकावर टेकलेली. त्रेसष्ट मिलिमीटर. खात्री करायला पुन्हा मोजलं. पुन्हा त्रेसष्टच.

"आत्याचं कळलं," तो हळूच म्हणाला. "यायचं होतं. पण तुला आवडेल की नाही, कळेना…"

"विचारायचं होतंस," माझ्या तोंडून निघून गेलं.

बाहेर कुणाची तरी सायकल पडली, कुणीतरी उचलली.

त्याने एक फ्रेम लावून समोरच्या भिंतीवरच्या आरशात बघितलं. नंबरच्या काचांशिवाय त्याला स्वतःचाच चेहरा नीट दिसत नव्हता. "कशी दिसते?"

"चांगली दिसते."

"तूच निवड ना एखादी."

"नाही," मी म्हटलं. "ती ज्याची त्यानेच निवडायची."

त्याने तीच ठेवली. पावती खिशात घालताना दारापाशी थांबला. "लग्न करतोय मी. पुढच्या महिन्यात."

"विचारतोस ना तिला? सगळं?"

"हो," तो म्हणाला. "आता विचारतो."

म्हणजे शिकला होता तो. माझ्याकडून शिकला होता… दुसऱ्या कुणासाठी.

"चष्मा परवा मिळेल," मी म्हटलं.

काचा मी कुणाच्या हातात दिल्या नाहीत. स्वतः घासल्या, बसवल्या, मऊ फडक्याने दोनदा पुसल्या आणि डबी बंद केली. मग मालकांकडे जाऊन परवाच्या दिवसाची रजा मागितली.