नाण्यावरचा म्हातारा

"दिवा बंदच राहू दे, पोरांनो. आणि हसायचं नाही," मधूकाका म्हणाले. "आपल्या चंद्रहासचं आहे हे. खरं घडलेलं."

सहा ऑक्टोबर २०२१, सर्वपित्री अमावास्या. सिडनीत अजून लॉकडाउन होता. रात्री साडेनऊला चंद्रहास गिरावीनच्या घरून शेजारच्या पेंडल हिलला चालत निघाला. काम साधंच होतं. मित्राचं, श्रीनाथचं, सोन्याचं रोमन नाणं त्यानं फोटो काढायला घरी आणलं होतं, ते परत द्यायचं. नाण्यावर म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन निघालेला मुलगा कोरलेला. रोमन लोकांची ही पितृभक्तीची खूण, असं श्रीनाथनं कौतुकानं सांगितलं होतं. फोटो काढताना चंद्रहासला मात्र तोंड लपवावंसं वाटलं.

एप्रिलमध्ये त्याचे बाबा पुण्यात कोविडनं गेले. खांदा द्यायलाही घरचं कुणी नव्हतं. तेव्हा ऑस्ट्रेलियाबाहेर जायला सरकारची परवानगी लागायची. बाबा आजारात रोज फोनवर विचारायचे, "चंदू, मिळाली का रे परवानगी?" हा म्हणायचा, "रिजेक्ट झाली, बाबा." खरं तर त्यानं अर्जच केला नव्हता. तिकडे अडकलो तर नवी नोकरी जाईल, ही धास्ती. बायकोला, मेधालाही त्यानं खोटंच सांगितलेलं. सर्वपित्रीच्या त्या सकाळी मेधानं अंगणात पान ठेवलं, तर कावळा शिवला नाही.

रात्री चालताना रेल्वे लाइनीजवळ त्याचा उजवा खांदा जड झाला. गारठ्यानं असेल, असं वाटलं. मग पाठ वाकली. रस्ता रिकामा. मास्कच्या आत त्याचाच श्वास... आणि कानाशी दुसरा. धाप लागलेला.

"चंदू... मिळाली का रे परवानगी?"

तो थांबला. वळून बघायची हिंमत नव्हती.

"बाबा... रिजे..."

खांदा आणखी दबला. गुडघे टेकले.

"अर्जच केला नव्हता, बाबा. घाबरलो. लाज वाटते हो..."



मग ओझं उतरलं. बाबा रिक्षातून उतरायचे तसं, सावकाश.

पेंडल हिलला श्रीनाथनं दारातच नाण्याची डबी उघडली. "अरे, हे काय? म्हातारा कुठाय?"

मुलगा होता. वाकलेला. खांद्यावर कुणीच नव्हतं.

चंद्रहासनं पायरीवर बसून सगळं सांगितलं. आधी श्रीनाथला, मग घरी जाऊन मेधाला.

"काका, मेबी नाणं झिजलं असेल?" पोरांतल्या इरावतीनं हळूच विचारलं.

"त्याच दुपारच्या फोटोत म्हातारा स्पष्ट आहे, बेटा. मी पाहिलाय. नाण्यावर पोरगा अजून एकटाच चालतोय."