रिकामा तळहात

अंत्यविधीचा खर्च भावाभावांत वाटून घेता येतो. मृताविषयीचे कर्तव्य वाटायला गेले, की ते दोघांच्या मध्ये तसेच पडून राहते.

पुढील हकीकत रचलेली नाही. १९७३ सालच्या माघात, सोलापुरात, बाळीवेशीजवळच्या एका घरी हे घडले.

भुसार मालाचे लिंगायत व्यापारी बसलिंगप्पा, घरचे अप्पा, लिंगैक्य झाले. मागे पत्नी गिरिजाबाई, थोरला मुलगा शिवयोगी आणि धाकटा मल्लप्पा. शेवटचे स्नान घालताना मल्लप्पाने त्यांच्या गळ्यातील इष्टलिंगाची चांदीची डबी उतरवून कपाटात ठेवली.

"चांदी वाटणीत धरायची, अण्णा. मागनं बोलू नका, सांगितलं न्हाई म्हणून."

"अन् आजचा खर्च?"

"थोरले तुमी की!"

हा वाद रुद्रभूमीपर्यंत, समाधीच्या जागेपर्यंत, गेला.

रीतीप्रमाणे अप्पांना समाधीत बसवले. इष्टलिंग डबीतून काढून मृताच्या डाव्या तळहातावर ठेवायचे, मगच माती द्यायची. शालीत झाकलेल्या हातांकडे पाहून विधी करणाऱ्या स्वामींनी विचारले, "लिंग दिलं का हाती?"

"दिलं," शिवयोगी म्हणाला.

मल्लप्पाने दिले असेल, असे त्याने धरले. मल्लप्पाने धरले, अण्णांनी दिले असेल.

माती पडली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला कपाटातून आवाज आला...

टक्.

डबीचे झाकण उघडल्यासारखा. अप्पा रोज याच सुमारास पूजेला बसत.

"उंदीर असंल, अव्वा," शिवयोगी म्हणाला.

"उंदराला पूजेची येळ कळती व्हय रे?" गिरिजाबाई म्हणाल्या.

त्याने कपाट उघडले. डबी बंद होती.

पुढच्या सांजेला पुन्हा... टक्.

या वेळी शिवयोगी कपाटापासून मागे वळला. अप्पांच्या रिकाम्या पाटापुढे भस्म सांडले होते. त्यात एका हाताची खूण होती...

हाताच्या पाठीची.

कोणी तळहात वर करून, काही मागत बसले असावे तशी.

गिरिजाबाईंनी ती खूण पाहिली आणि त्या मुलांकडे वळल्या.

"यांचं लिंग कुणी दिलं हाती?"

"अण्णांनी."

"मल्लूनं."

दोघे एकाच वेळी बोलले.

शिवयोगीने डबी उघडली. इष्टलिंग आतच होते. ओले. नुकतेच स्नान घातल्यासारखे.

"लिंगाबिगर कसं जातील रे ते? तसंच बसलं असतील की मातीत, हात पसरून..."

उजाडताच तिघे रुद्रभूमीवर गेले. समाधीवरची माती सपाट होती. मधोमध मात्र एक खळगा... ओंजळभर.

शिवयोगीने इष्टलिंग त्यात ठेवले.

वारा नव्हता. तरी कडेची माती सावकाश आत सरकली... बोटे मिटावीत तशी.

मग मल्लप्पा म्हणाला, "अण्णा, निम्मा खर्च माझा. डबी अव्वाकडं राहू द्या."

"डबी राहू दे. खर्चाचं मी बघतो," शिवयोगी म्हणाला. वाद पुन्हा झाला, पण उलट्या बाजूंनी.

भस्मावर खूण पुन्हा उमटली नाही. पण रिकामी डबी अजून कपाटात आहे, आणि एखाद्या सांजेला...

टक्.

शिवयोगी हातातले काम टाकून उठतो. अप्पांचे आणखी काय द्यायचे राहिले, हे त्याला कळत नाही. तो पाटापुढे हात जोडून उभा राहतो, आवाज विरेपर्यंत.

बसलिंगप्पांचा हात भरलेला राहो. त्या माउलीला शांत झोप लागो. आणि त्या दोन भावांचे हात एकमेकांच्या हातात राहोत.