सुई दोन खटके मागे

शेलूबाजारला हायवेलगत मारोतरावांचं फवारणी पंपांचं दुकान. पाटीवर नाव त्यांचं, पण पंप दुरुस्त करणारे हात त्यांच्या लेकीचे, योगिनीचे. त्या दुपारी एक उंच तरुण आला आणि त्यानं हातातला रुमाल तिच्यापुढे अलगद सोडला... आत मुठीएवढं इंजिन.

“हे काय? पंपाचं पिल्लू?”

“विमानाचं,” तो हसला. “लहान हाय, पन खरं उडते. वर गेलं की दोन मिनिटांत तापते अन् बंद पडते. तुमी आवाज ऐकून रोग सांगता म्हने.”

त्याचं नाव पवन. मंगरुळपीरच्या कॉलेजात विज्ञान शिकवायचा. डोळे असे, की त्यांच्याकडे पाहत स्क्रू पिळला तर आटे घसरायचेच.

“तेल कमी पडून राह्यलं,” म्हणत योगिनीनं त्याच्या मेथॅनॉलच्या बाटलीत पंपाचं टू-स्ट्रोक ऑइल ठसक्यात ओतलं, बाटली हलवली. घटकाभरानं पाहते तर तेल तळाशी, मेथॅनॉल वर... रुसलेल्या नवरा-बायकोसारखं. तिचे कान लाल झाले.

“हे पेट्रोलमंधी मिसळते. याले एरंडेल लागते,” पवन हळूच म्हणाला.

“माहीत होतं, तं ओतू काहून देलं?”

“तुमी इतक्या भरवशानं ओतत होत्या... टोकायचं मन झालं नाई.”

शनिवारी तो एरंडेल मिसळलेलं इंधन आणि अख्खं विमान घेऊन आला. दुकानामागे विमान जमिनीवर ठेवून त्यानं इंजिन चालू केलं, इंधन कमी-जास्त करणारी सुई आवळत आवळत आवाज अगदी तिखट केला.

“आता बरोबर?”

“जमिनीवर काय ऐकता? पंप मानसाच्या पाठीवर हालते-डुलते, मी तसाच तपासते. नाक वर करा याचं.”

त्यानं विमान उभं धरलं. आवाज लगेच चिरका झाला.

“पाहा, उपाशी हाय. चढताना इंधन कमी पोचते, म्हनून तापते.” पंख्यापासून हात जपत तिनं मागून सुई दोन खटके सैल केली. आवाज भरला. पांढऱ्या धुराची बारीक रेघ उठली. विमान धरलेल्या त्याच्या बोटांना तिची बोटं लागली — आणि दोघांनीही ती लगेच काढली नाहीत.

“उद्या नागपूरच्या विमान-क्लबचे लोक येऊन राह्यले,” तो म्हणाला. “दहा मिनिटं उडलं, तं तिथं शिकवायची नोकरी पक्की.”

योगिनीचा हात सुईवरच थांबला. नागपूर... सुई परत आवळली, तर विमान तिसऱ्या मिनिटाला खाली येईल आणि हा इथेच राहील. कुणाला कळणार होतं?

तिनं सुई आणखी एक खटका सैल केली. “थोडं जास्त पेलं तरी चालते. उपाशी नोको,” म्हणाली, आणि पान्हे आवरू लागली.

रविवारी सोयाबीन निघालेल्या वावरातून विमान उडालं. सगळे वर पाहत होते; योगिनी बांधावर बसून, डोळे मिटून ऐकत होती. आठ... नऊ... अकरा मिनिटं. आवाज शेवटपर्यंत भरलेला. विमान उतरलं, क्लबवाल्यांनी पवनच्या पाठीवर थाप मारली आणि ते गाडीत बसून निघून गेले.

“जा मंग,” ती म्हणाली. “पोचले की फोन करा.”

“काल सुईवर तुमचा हात थांबला होता. पाह्यला मी.”

“...आवळावी वाटली होती.”

“मंग?”

“मंग काय. तुमचं विमान पडलेलं मले पाहवलं नसतं.”

 पवन मातीत पायानं रेघा ओढत राहिला.

“मले तं वाटत होतं, आवळावी तुमी. नोकरीचं बोललो अन् तवापासून करमून नाई राह्यलं. समृद्धी हायवेनं अडीच तासांत येतो मी, दर शनिवारी. पन बिघडलेलं इंजिन घेऊन नाई यायचं आता... तुमच्या बाबांशी बोलू?”

योगिनीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“पाचच्या चहाआधी नोका बोलू. चिडतात ते.”

त्यानं घड्याळ पाहिलं. सव्वाचार.

“तोवर काय करू?”

“इथं बसा,” ती म्हणाली, आणि बांधावर सरकून तिनं त्याला जागा करून दिली.