मागच्या खोलीचा एमसीबी

एमसीबी कसा निवडावा याची खानदेशात एक सर्वमान्य पद्धत आहे. दुकानात जायचं, काउंटरवर कोपर टेकायचं आणि म्हणायचं, "दहाचा सारखा पडतो, सोळाचा द्या." सोळाचाही पडायला लागला की वीसचा. वीसचाही पडला, तर एव्हाना दुकानदार ओळखीचा झालेला असतो. तो आपणहून बत्तीसचा काढून देतो आणि चहा सांगतो. पुढे कधीतरी भिंतीतली वायर जळते, आणि मग घराला नजर कोणाची लागली याचा शोध सुरू होतो.

प्रशीलला या पद्धतीची मनापासून चीड होती. जळगावच्या एमआयडीसीत तो विजेची पॅनेल बनवायचा, आणि ऐकणारा सापडला की समजावून सांगायचा. एमसीबी हा घराचा रखवालदार नाही, वायरचा आहे. वायर किती सोसते ते पाहून आकडा ठरवायचा, आणि पलीकडे काय जोडलंय ते पाहून स्वभाव. स्वभाव तीन. बी टाइप चिडका. वीज जरा उसळली की हा पडला. दिवे-पंख्यांना तो ठीक. सी टाइप समजूतदार. मोटर सुरू होताना क्षणभर भसकन वीज ओढते, तेवढं तो चालवून घेतो. आणि डी टाइप म्हणजे सरकारी कचेरीतला जुना हेडक्लार्क. समोर काहीही आदळलं तरी जागचा हलत नाही. तो वेल्डिंगवाले नेतात.

धंद्याने त्याला आणखी एक गोष्ट शिकवली होती, ती म्हणजे संशय. एमसीबी पडला की त्याला कारण असतं, आणि ते कारण बहुधा दोन पायांचं असतं. आकडा टाकणारा शेजारी, किंवा भाडेकरूच्या मीटरवर स्वतःची टाकी भरून घेणारा घरमालक.

म्हणून धुळ्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला, "दादा, मागच्या खोलीचा एमसीबी रोज दुपारी..." तेव्हा तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याने विचारलं, "घरमालक कुठे राहतो?"

"वर राहतात," संघमित्रा म्हणाली. "पण तू यायच्या आधी एक कबूल कर. आबांना चोर म्हणायचं नाही."

तिची भीती रास्त होती. संघमित्रा दातांची डॉक्टर. देवपुरात स्वतःच्या दवाखान्यासाठी ती जागा शोधत होती तेव्हा जागा पसंत पडायची, चावी फिरवून दाखवली जायची, मग आडनाव विचारलं जायचं, आणि नेमकी तीच जागा कालच कुणाला तरी दिलेली निघायची. धुळ्यात 'काल' इतक्या जागा गेल्या होत्या की एव्हाना शहरात एकही खोली रिकामी उरायला नको होती. झुलाल आबांनी आडनाव विचारलं नाही. त्यांनी एकच अट घातली. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, भोक पाडायचं नाही. "दातले भोक पाड, भीतले नको," असं ते म्हणाले आणि त्यांनी चावी दिली. ही जागा गेली असती तर दवाखानाही गेला असता, आणि तिला पुन्हा दुसऱ्याच्या पाटीखाली दात उपटत बसावं लागलं असतं.

"नाही म्हणणार," प्रशील म्हणाला. मनात मात्र त्याने आबांना केव्हाच पकडलं होतं.

तो पोचला तेव्हा मे महिन्यातली दुपार चढली होती. बसच्या खिडकीच्या गजाने पारोळ्यापासून हाताला चटके दिले होते. देवपुरातली गल्ली दारं लावून कूलरपुढे पडलेली. पांझरेकडून येणारा वारासुद्धा तव्यावरून उतरवल्यासारखा.

पॅनेल त्यानेच जळगावहून पाठवलेलं होतं. खुर्ची, कॉम्प्रेसर, एसी, पुढचे दिवे, प्रत्येकावर त्याच्याच अक्षरात चिठ्ठी. शेवटची चिठ्ठी 'मागची खोली'. तिथे एक ट्यूबलाइट आणि हत्यारं वाफेने शुद्ध करायचा ऑटोक्लेव्ह. म्हणून त्याने तिथे बी टाइप बसवला होता. तो पडला की ऑटोक्लेव्ह अर्ध्यात बंद पडे, आणि पेशंट तोंडात कापूस धरून बसे.

प्रशीलने ऑटोक्लेव्हचा प्लग काढला. ट्यूब काढली. मग स्विचबोर्ड उघडून भिंतीतून येणाऱ्या वायरी बाहेर ओढल्या आणि तो थबकला. बोटाएवढी जाड तांब्याची वायर! एका ट्यूबलाइटच्या खोलीला असली वायर कोणी घालत नाही. पिठाच्या गिरणीला घालतात. त्याने टोकांना टेप गुंडाळली, ती हवेत लोंबती ठेवली, एमसीबी वर केला आणि पॅनेलमध्ये वायरीला चिमटा-मीटर लावून स्टूल ओढून बसला.

मीटरवर शून्य. वायरीला काही जोडलेलंच नव्हतं, तेव्हा ते बरोबरच होतं.

गल्लीतला शेवटचा आवाजही थांबला, आणि एमसीबी पडला.

खट्.

प्रशीलने मीटर पाहिलं. त्या क्षणाचा सर्वांत मोठा आकडा ते धरून ठेवतं. आकडा एवढा होता की त्याने मीटर हलवून पाहिलं. गरम होऊन पडणारा एमसीबी हळूहळू पडतो. हा झटक्यात पडला होता. कोणीतरी कुठेतरी मोठी मोटर सुरू करू पाहत होतं.

तो जिना चढून वर गेला.

झुलाल आबा बनियनवर खाटेवर बसले होते. त्यांच्या पत्नी ताईबाई ज्वारीचे वाळलेले पापड, बिबड्या, डब्यात रचत होत्या.

"आबा, पाण्याची मोटर आहे का वर?"

"नही."

"चक्की वगैरे?"

"हाऊ एक पंखा शे," आबा छताकडे बोट करून म्हणाले. "तोबी फिरस का नही, नीट पाहानं पडस."

"खालच्या मागच्या खोलीला एवढी जाड वायर कोणी घातली?"

आबांनी बायकोकडे पाहिलं. "पहिलेपासूनच शे."

"तिथे आधी काय होतं?"

"खोलीच व्हती."

ताईबाईंनी बिबडी हातातच धरली. "पडस ना तो?" त्या म्हणाल्या. "पडू द्या, भाऊ. पडस तवलग सगळं बराबर शे."

"तू गप ऱ्हाय," आबा म्हणाले.

कबुलीजबाब याहून वेगळा काय असतो? प्रशील तडक खाली आला, जिन्याखालचा आबांच्या मीटरचा मुख्य स्विच पाडला, आणि वरचा पंखा बंद झाल्याची खात्री करून एमसीबी पुन्हा वर केला. आता वर काडीचीही वीज नव्हती.

थोड्या वेळाने खट्.

आरोपी डोळ्यांदेखत निर्दोष सुटणं प्रशीलला कधीच आवडलं नव्हतं. भिंतीपलीकडचा शेजारी पाहावा म्हणून तो घराला वळसा घालून गेला. पलीकडे रिकामा प्लॉट होता. बाभळी, एक मेलेला कूलर, आणि भिंतीच्या सावलीत झोपायचं सोडून उन्हात उभी असलेली कुत्री.

"दादा, दुसरी वायर टाक ना भिंतीवरून," संघमित्रा म्हणाली.

"भिंतीला खिळा न ठोकता?"

तिने दवाखान्याचं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "तू आबांना काय विचारलंस? ते जिन्यात आले होते. नुसते पाहून गेले. दादा, मला दुसरी जागा मिळणार नाही."

मग प्रशीलने तेच केलं जे त्याला येत होतं. कारण सापडत नव्हतं, तर कारणाच्या स्वभावाला जुळणारा एमसीबी निवडायचा. त्याने सी टाइप बसवला. दुसऱ्या दिवशी दुपारी दिवे एकदा डचमळले, एमसीबी क्षणभर तग धरून राहिला आणि पडला. पण क्षणभर राहिला! प्रशीलला तेवढ्याने हुरूप आला. पलीकडे जे होतं ते सुरू व्हायला थोडाच वेळ कमी पडत होता.

आग्रा रोडवरच्या दुकानात त्याने डी टाइप मागितला.

"वेल्डिंगला का, भाऊ?"

"नाही. दातांना."

दुकानदाराने नकळत जिभेने स्वतःची दाढ चाचपली आणि डी टाइप काढून दिला.

वायर जाड होती, आकडा वायरीच्या बेताचा होता. नियमाने त्यात तसूभर चूक नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोघं बहीणभाऊ पॅनेलसमोर उभे होते. वायरीची टोकं तशीच टेप गुंडाळून लोंबत ठेवलेली. आधी पुढचा दिवा मंदावला. मग एसीचा आवाज घोगरा झाला. मीटरवरचा आकडा चढला आणि उतरेना. फार दिवस मांडी घालून बसलेला माणूस गुडघ्यांवर हात रेटून उठतो, तेव्हा जो वेळ लागतो, तेवढा वेळ ते चाललं. डी टाइप हलला नाही.

मग दिवे पूर्ववत झाले. मीटरवर एक लहानसा आकडा येऊन स्थिरावला.

"थांबलं!" संघमित्राने टाळी वाजवली. "पडला नाही!"

प्रशील त्या लहान आकड्याकडे पाहत होता. न जोडलेल्या वायरीवरचा तो आकडा शून्य व्हायचं नाव घेत नव्हता.

जिन्यात ताईबाई उभ्या होत्या, एक हात भिंतीवर टेकून.

"आते नही पडाव का?"

"नाही पडणार, अक्का."

ताईबाईंनी भिंतीवरचा हात काढून घेतला. तापलेल्या भांड्यावरचा काढतात तसा.

प्रशीलने ट्यूब आणि ऑटोक्लेव्ह पुन्हा जोडून दिले आणि तो जळगावला परतला. दुसऱ्या दिवशी संघमित्राचा फोन आला. आबा आणि ताईबाई सकाळच्या चहाआधीच सुरतेला मुलाकडे निघून गेले होते. वरची चावी तिच्या हातात दिली होती. "आबा म्हणाले, घर तुमनंच समजा. आणि भीतले खिळा ठोकाना व्हयी ते ठोका! दादा, मी पाचोऱ्याहून आईला बोलावलंय. वर राहील ती, हवेशीर आहे."

प्रशीलने "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. खानदेशात माणूस एक वेळ घर सोडेल, पण घातलेली अट मागे घेणार नाही. अमळनेरच्या तेलाच्या घाण्या, जिनिंगच्या मोटरी, सगळ्यांना त्याने पॅनेल दिली होती, आणि सगळ्या सी टाइपवर निमूट चालल्या होत्या. त्यांच्याहून जड असं काय होतं?

त्याने पिशवीत एक बी टाइप टाकला आणि धुळ्याची बस पकडली.

दवाखान्यात संघमित्रा एका म्हातारीच्या दाढेत गुंतली होती. धुरपदाबाई, सोनगीरकडच्या. खुर्चीचं तोंड मागच्या खोलीच्या दाराकडे होतं.

"लगेच झालं माझं," प्रशील म्हणाला. त्याने पॅनेल उघडलं आणि डी टाइपचा खटका खाली ओढला.

मागच्या खोलीत अंधार झाला.

"दादा, लाइट गेली."

"मीच घालवली."

बी टाइपचं खोकं पिशवीत होतं, आणि पिशवी त्याने आल्याआल्या मागच्या खोलीत ठेवली होती. तो आत गेला आणि वाकून पिशवीत हात घातला.

खट्.

उजेड आला.

"आली रे," संघमित्रा बाहेरून म्हणाली.

प्रशील वाकलेलाच राहिला. एमसीबी आपोआप पडतो. आपोआप वर होत नाही. त्याच्या पोटात जी स्प्रिंग असते ती पाडायची असते. वर करायला माणूसच लागतो.

तो पॅनेलपाशी आला. खटका वर होता.

त्याने तो पुन्हा खाली ओढला आणि या वेळी अंगठा त्यावर दाबून धरला.

अंगठ्याखाली खटका हलला. झटका नाही, घाई नाही. दारावर लहान मूल रेलून उभं असावं आणि पलीकडून मोठ्या माणसाने ते दार जपून उघडावं, तसा तो वर येत गेला.

प्रशीलने अंगठा काढला.

त्याने पॅनेलचं झाकण लावलं, आणि खुर्चीपाशी येऊन हळू आवाजात म्हणाला, "मित्रा, ही जागा सोड."

तिने मास्क खाली केला. "जागा सोडून कुठे जाऊ, दादा? सांग ना. कुठे?"

प्रशीलने मागे वळून पॅनेलच्या बंद झाकणाकडे पाहिलं.

"आणि आई एरंडोलपर्यंत आलीय," ती म्हणाली.

धुरपदाबाईंनी चूळ भरली आणि पदराने तोंड पुसलं. "बाई," त्या म्हणाल्या, "मांगली खोलीमा जो उभा शे ना, त्याले बसाले खुर्ची दे ना. कवयना उभा शे बिचारा."

"मीच होतो तो, आजी," प्रशील म्हणाला.

"तू नही रे भाऊ. तू ते वाकेल व्हता. तो तुना मांगे."

संघमित्रा हसली. तिने मास्क वर चढवला. "आ करा, आजी."

धुरपदाबाईंनी आ केला. त्यांची नजर मात्र प्रशीलच्या खांद्यावरून मागच्या दारातच होती. आणि दारातला माणूस अजून उठून उभा राहतोच आहे, पुरता उभा राहिलेला नाही, तशी ती नजर सावकाश वर चढत, दाराच्या चौकटीच्याही वर, छताशी जाऊन थांबली.